कपाटातले फोन आणि काहुझीचे गोरिले

2014 चा जानेवारी. संध्याकाळचे सात वाजले होते, पण मेलबर्नचा उन्हाळा, त्यामुळे बाहेर अजून लख्ख ऊन होतं. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, महिन्याभरापूर्वी सांगलीहून आले होते. घरात बसून कंटाळले होते, पण बोलून दाखवत नव्हते. प्राणिसंग्रहालयात गोरिल्यांवर संध्याकाळचं व्याख्यान आहे, येता का, असं मी विचारलं. "तिकीट किती?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता शर्टाला इस्त्री करायला घेतली.

अप्पा पुण्यात शिकले. कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली ती व्याख्यानमाला आजही चालू आहे, आणि व्याख्यान म्हणजे दिवस कलल्यावर, पोटात थोडं काही टाकून, निवांत ऐकायची गोष्ट हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. प्राणिसंग्रहालयात व्याख्यान ही कल्पना मात्र त्यांना नवी होती. आत शिरल्याबरोबर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "गोरिला कुठाय?"

"झोपायला गेले, अप्पा."

"मग आपण कशाला आलोय?"

त्या संध्याकाळी नेमकं काय साधलं आणि काय निसटलं, ते या प्रकरणात मांडते आहे. व्याख्यान ऐकून माणूस हळहळतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या हळहळीचं पुढे काय करायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि जे सांगायचं ते खरं असावं लागतं. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांनी गोरिल्यांसाठी चालवलेली जुन्या मोबाइलची मोहीम या दोन्ही कसोट्यांवर तपासून बघण्यासारखी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हिक्टोरिया राज्यातली सरकारी प्राणिसंग्रहालयं 'झूज व्हिक्टोरिया' ही संस्था चालवते. त्यातलं मेलबर्नचं 1862 पासूनचं, आणि आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर वेरिबीचं, मोकळ्या माळावरचं. या पश्चिमेकडच्या उपनगरांत आता इतकी मराठी घरं आहेत की शनिवारी वाणसामान आणायला गेलं तरी दोन ओळखीचे भेटतात. मेलबर्नमध्ये गोरिले फार पूर्वीपासून आहेत. ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला गोरिला, म्झुरी, 1984 मध्ये इथलाच. 2011 मध्ये मोटाबा हा प्रौढ नर आणि त्याचे दोन मुलगे, यकिनी आणि गन्येका, असे तिघे वेरिबीला हलवले गेले. आमच्या मुलाच्या शाळेची सहल त्यांनाच बघायला गेली होती. तो घरी येऊन छाती बडवून दाखवायचा तेव्हा अप्पा त्याला सांगायचे, "अरे, मुठीने नाही, तळव्याने." त्यांनी ते कुठे वाचलं होतं देवाला ठाऊक, पण ते बरोबर आहे. गोरिला तळहात किंचित वाटीसारखे करून छाती बडवतो, म्हणून तो आवाज रानात खूप लांबवर जातो.

2009 मध्ये या संस्थेने एक मोहीम सुरू केली. तिचं नाव 'दे आर कॉलिंग ऑन यू'. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात बसवणं कठीण आहे: ते तुम्हाला फोन करताहेत, आणि ते तुम्हालाच हाक मारताहेत. मागणी एकच होती. घरात पडलेला जुना मोबाइल आणून द्या. चालू असेल तर दुरुस्त होऊन पुन्हा वापरात जाईल, बंद असेल तर त्यातले धातू काढून घेतले जातील, आणि त्यातून मिळणारा पैसा गोरिल्यांच्या संवर्धनाला जाईल. संग्रहालयात पेट्या ठेवल्या होत्या, आणि घरी नेऊन पोस्टाने परत पाठवायची पाकिटंही होती.

मोबाइल आणि गोरिला यांचा काय संबंध, हे त्या संध्याकाळी पडद्यावर काँगोचा नकाशा दाखवून सांगितलं गेलं. मी ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण व्याख्यानाचा सगळा भार याच दुव्यावर आहे.

फोनमध्ये विजेचा साठा क्षणभर धरून ठेवणारे बारीक भाग असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यातले काही टँटलम नावाच्या धातूचे असतात. टँटलममुळे ते ज्वारीच्या दाण्याहूनही लहान करता येतात, आणि ते उष्णता सोसतात. टँटलमचं एक खनिज म्हणजे कोल्टन, आणि कोल्टन सापडतं त्या जागांपैकी एक म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा पूर्व भाग. 2000 साली फोन आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रांची मागणी एकदम उसळली. वर्षाच्या सुरुवातीला पौंडाला तीस-चाळीस डॉलर असलेला टँटलमच्या खनिजाचा भाव डिसेंबरपर्यंत तीनशेच्या पुढे गेला. पूर्व काँगोत तेव्हा युद्ध चालू होतं. शेती मोडलेली, गावं उठलेली. हजारो माणसं फावडी-घमेली घेऊन रानात शिरली.

त्या रानात काहुझी-बिएगा हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1970 मध्ये स्थापन झालेलं, 1980 पासून जागतिक वारसा, आणि 1997 पासून धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत. खाणीवर राबणाऱ्या माणसाला जेवायला लागतं, आणि रानात दुकान नसतं. जे दिसेल ते मारलं गेलं. उद्यानाच्या डोंगराळ भागातले हत्ती जवळजवळ संपले. तिथल्या गोरिल्यांची संख्या दहा वर्षांत सुमारे अडीचशेवरून एकशे तीसच्या आसपास आली. सगळा दोष कोल्टनचा नव्हता. सोनं होतं, कथिल होतं, बंदुका होत्या, निर्वासितांचे लोंढे होते. पण त्या एका वर्षाच्या भावाने शहरातल्या आपल्या खिशाचा आणि त्या डोंगराचा दुवा उघडा पाडला, हे खरं.

इथे अप्पांनी माझ्या हाताला टोचलं. "सूनबाई, त्यांना विचार. इथे आहेत ते गोरिले तिथलेच का?"

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी विचारलं. उत्तर सरळ मिळालं: नाही. प्राणिसंग्रहालयात आपल्याला दिसतात ते जगभर जवळजवळ सगळे पश्चिमेकडच्या सखल रानातले गोरिले, गॅबन, कॅमेरून, काँगो-ब्राझाव्हिल (काँगो नावाचा शेजारचा दुसरा देश) या भागातले. काहुझीत राहतात ते ग्राउअरचे गोरिले. ती पूर्वेकडची, आकाराने सगळ्यात मोठी उपजात, आणि दोन्हींच्या मध्ये अख्खं काँगोचं खोरं आहे. पर्वतीय गोरिले, ज्यांच्यासाठी डायन फॉसींनी रवांडात आयुष्य वेचलं, ते आणखी वेगळे.

अप्पांना हे उत्तर आवडलं. मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच होतं. काचेआड दिसणारा मोटाबा आणि काहुझीचा गोरिला एकच आहेत असं प्रेक्षक धरून चालतो. वक्ता ते तसंच चालू देऊ शकतो, कारण त्याने भावना लवकर जागी होते. इथे ते चालू दिलं नाही. डोळ्यांसमोरच्या प्राण्याने ओळख करून द्यायची आणि व्याख्यानाने त्या ओळखीचा धागा त्याच्या लांबच्या भाऊबंदांपर्यंत न्यायचा, अशी ती वाटणी होती.

आणि गोरिले डोळ्यांसमोर नव्हते याचाही उपयोग झाला. गोरिला रोज संध्याकाळी झोपण्यासाठी नवीन घरटं करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. झुडपं, फांद्या वाकवून, अंगाखाली दाबून, काही मिनिटांत. कालच्या घरट्यात तो सहसा परत झोपत नाही. पिल्लं आईच्या घरट्यात झोपतात. सकाळी टोळी निघून गेली की मागे घरटी आणि शेण उरतं, आणि गोरिल्यांची शिरगणती होते ती बहुतेक यावरूनच. शेणाच्या गोळ्याचा आकार पाहून पूर्ण वाढलेला नर की मादी की पिल्लू, हे ओळखता येतं. त्यातून पेशी काढून डीएनए तपासता येतो. गोरिला न दिसता गोरिला मोजायचा. बाहेर ऊन कलत होतं, मोटाबा आणि त्याचे मुलगे आत गेले होते, आणि पडद्यावर एक रिकामं घरटं होतं, मधोमध खड्डा, कडेला चिरडलेली पानं. सभागृहात कुणी हललं नाही. पाठीवर रुपेरी केस आलेला, दीडशे किलोहून जड नर तिथे रात्रभर कुशीवर झोपला होता, हे त्या खड्ड्याकडे पाहूनच कळत होतं.

मोजणीचा हा मुद्दा मी नंतर विसरू शकले नाही, कारण पुढच्या काही वर्षांत आकडे आले ते याच घरट्यांतून. 1990 च्या दशकाच्या मध्याला ग्राउअरचे गोरिले सुमारे 16,900 होते असा अंदाज होता. 2016 मध्ये तो 3,800 वर आला आणि ही उपजात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. 2021 मध्ये नवा अंदाज आला, 6,800. हा वाढलेला आकडा वाचून मला आधी हायसं वाटलं. पण लढाईमुळे पूर्वी जिथे जाताच आलं नव्हतं अशा रानात मोजणारे पोचले, म्हणून आकडा वाढला होता. गोरिल्याची मादी साधारण चार वर्षांतून एकदा विते, आणि एकाच पिल्लाला. पाच वर्षांत दुप्पट होणं त्यांना शक्यच नाही.

आता मोहिमेकडे. 2018 मध्ये संशोधक कार्ला लिचफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला आकडा असा: 2009 ते 2014 या सहा वर्षांत 1,15,369 फोन जमा झाले. दिवसाला सरासरी बावन्न-त्रेपन्न. संवर्धनाची किती व्याख्यानं मी ऐकली आहेत जिथे शेवटी 'आपण सर्वांनी विचार करायला हवा' असं म्हणून दिवे लागतात! इथे विचार करायला सांगितलं नव्हतं. घरी जा, कपाट उघडा, एवढंच. ज्याला गोरिल्यांचं काही देणंघेणं नाही त्यालाही अडगळ कमी झाल्याचं समाधान. मागणी माणसाच्या हाताला लागेल इतकी जवळ आणली, हे या मोहिमेचं खरं यश आहे, आणि ते छोटं नाही.

पण दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे सांगितलेलं कितपत खरं आहे यावर, मला थांबावं लागतं. मोहिमेचं सार ऐकणाऱ्याच्या डोक्यात असं बसतं: मी फोन दिला, त्यातलं कोल्टन परत वापरलं गेलं, तेवढं रानातून कमी उपसलं गेलं, गोरिला वाचला. साखळीतली दुसरी कडी कच्ची आहे. जुन्या फोनमधून सोनं, चांदी, तांबं, पॅलेडियम काढतात, कारण ते परवडतं. टँटलम एका फोनमध्ये इतकं किंचित असतं आणि नेहमीच्या भट्टीत ते मळीबरोबर निघून जातं, की ते परत मिळवणं जवळजवळ होतच नाही. म्हणजे अप्पांचा जुना फोन दिल्याने काहुझीतलं एक घमेलं कमी भरलं, असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मग काय म्हणता येतं? दोन गोष्टी. एक, फोनच्या विक्रीतून आलेला पैसा खरा आहे, आणि तो तिथल्या माणसांच्या पगाराला, औषधाला, गस्तीला लागतो. आजारी गोरिल्याला रानातच उपचार करणारे पशुवैद्य पूर्व आफ्रिकेत 1986 पासून काम करताहेत, आणि अशा कामाला पैसा कुठून तरी यावाच लागतो. दोन, जो फोन दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या हातात जातो त्याने एक नवा फोन टळतो, निदान काही काळ. याच वाटेने थोडं पुढे गेलं की खरी मागणी लागते: हातातला फोन आणखी दोन वर्षं वापरा. व्याख्यानात हे ठळकपणे सांगायला हवं होतं असं मला वाटतं. कपाटातला फोन देणं सोपं असतं. मुलाच्या वर्गातल्या सगळ्यांकडे नवा फोन असताना आपण जुन्यावर राहणं जड जातं, आणि नेमकी तीच गोष्ट खाणीपर्यंत पोचते.

अप्पांच्या मनात आणखी एक शंका होती, ती त्यांनी घरी येताना गाडीत काढली. "ही माणसं खणतात ती पोटासाठीच ना? खाण बंद केली तर जेवतील काय?" आयुष्यभर सहकारी बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेला माणूस, त्यांना आधी ऋणको दिसतो. मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. नंतर वाचलं. सप्टेंबर 2010 मध्ये काँगोचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या प्रांतांतलं हाताने होणारं खाणकाम एका आदेशाने बंद केलं. ते मार्च 2011 पर्यंत बंद राहिलं. सशस्त्र टोळ्यांची रसद तोडणं हा हेतू होता. भोगलं मात्र खाणीवर पोट असलेल्या कुटुंबांनी, ज्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं. 2010 मध्येच अमेरिकेने कायदा करून तिथल्या कंपन्यांना असल्या खनिजांचा उगम शोधून जाहीर करायला लावलं, त्याचेही असेच दुहेरी परिणाम झाले. संध्याकाळच्या तासाभरात हे सगळं कोंबता येत नाही, हे मला कळतं. पण एक वाक्य तरी हवं होतं, की खणणाऱ्या माणसाला आम्ही गोरिल्याचा शत्रू मानत नाही.

रवांडात हे वाक्य खूप आधी सापडलं होतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या ज्वालामुखी उद्यानातलं सुमारे दहा हजार हेक्टर रान, म्हणजे उद्यानाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग, पायरेथ्रमच्या शेतीसाठी तोडलं गेलं. पायरेथ्रम म्हणजे कीटकनाशकासाठी लावायचं फूल. पुढे गुरांसाठी आणखी रान मागितलं जात होतं. डिसेंबर 1977 च्या शेवटच्या दिवशी फॉसींचा लाडका गोरिला डिजिट शिकाऱ्यांनी मारला आणि जगभरातून मदत आली. त्यातून 1979 मध्ये जो प्रकल्प उभा राहिला त्यात बिल वेबर आणि एमी व्हेडर हे जोडपं होतं. त्यांनी आजूबाजूच्या शाळांत आणि गावांत जाऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली. आधी विचारलं, मग सांगितलं. शेतकऱ्याला कळकळ पाण्याची होती, म्हणून बोलणं पाण्यापासून सुरू झालं: हे डोंगरावरचं रान आहे म्हणून खाली ओढ्याला पाणी आहे. गोरिला त्याच्या मागून आला. मग पर्यटन आलं, पगार आले, आणि आज परवान्याच्या उत्पन्नातला वाटा भोवतालच्या गावांना मिळतो. 1981 मध्ये रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगाच्या डोंगरांत 254 पर्वतीय गोरिले मोजले गेले होते. 2015-16 च्या मोजणीत ते 604 भरले. युगांडातल्या ब्विंडीचे धरून आता हजाराच्या वर आहेत, आणि 2018 मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीतून एक पायरी वर आणलं गेलं. चिंपांझी, ओरांगउटान अशा मोठ्या वानरांत एवढी वाढ झालेली दुसरी कुठलीही जात माझ्या ऐकिवात नाही.

मेलबर्नच्या व्याख्यानाने तेच केलं, फक्त श्रोता वेगळा होता. तिथल्या शेतकऱ्याला ओढा दाखवला, इथल्या नोकरदाराला कपाट.

म्हणून आता कपाटाकडे येते. त्या शनिवारी आम्ही घरातले फोन जमवले. माझा एक काच तडकलेला, नवऱ्याचे दोन, मुलाने पाण्यात पाडलेला एक. अप्पांनी बॅगेतून त्यांचा काढला: नोकियाचा 1100, टॉर्चवाला, बटणांवरचे आकडे पुसलेले. सांगलीत असे फोन भंगारवाल्याकडे जातात, नाहीतर गावाकडच्या कुणाला तरी दिले जातात. अप्पांनी तो इतकी वर्षं जपला होता आणि इथेही बरोबर आणला होता, हे मला माहीत नव्हतं.

मी आणि नवऱ्याने आमच्या फोनमधली छायाचित्रं काढून घेतली, सिमकार्डं काढली, सगळं पुसून टाकलं. दोन तास गेले. फोन देणं अवघड का जातं, हे त्या दोन तासांत समजलं. लोकांना गोरिल्याची पर्वा नसते म्हणून फोन कपाटात राहतात असं नाही. बँकेचा नंबर कुणाच्या हाती लागेल ही भीती, बाळाचे पहिले फोटो अजून उतरवून घेतलेले नाहीत ही रुखरुख, चार्जर सापडत नाही. पेटीशेजारी एक टेबल मांडून 'आणा, आम्ही तुमच्यासमोर पुसून देतो' असं म्हणणारा एक माणूस बसवला, तर मला खात्री आहे, पेटी दुपटीने भरेल. पुढे आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही तेच केलं. तिळगूळ देता देता एका कोपऱ्यात केबलींचा गुंता घेऊन दोन कॉलेजची मुलं बसली. लोक रांगेत आपापल्या फोनमधल्या गोष्टी एकमेकांना दाखवत उभे राहिले.

त्या शनिवारी अप्पांच्या नोकियाला मात्र आमच्याकडची कुठलीच पिन बसेना. जाड गोल पिनचा चार्जर शेवटी शेजारच्या पंजाबी आजोबांकडे मिळाला. फोन सुरू झाला. त्यात सासूबाईंचे निरोप होते, त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. येताना कोथिंबीर आणा. दूध तापवून ठेवलंय. उशीर होणार का. अप्पांनी चष्मा वर केला आणि एकेक वाचत बसले.

आम्ही चार फोन घेऊन गेलो. पाचवा त्यांनी परत बॅगेत ठेवला, चार्जरसकट.